शिफारस एकालाच

गेल्या वर्षभरात लोकांनी मला वाचायला म्हणून जी पुस्तकं आणून दिली, त्यांतल्या एकातही कोणी धड हसत नाही. नवऱ्याला अर्धांगाचा झटका आला आणि त्या दिवसापासून ओळखीपाळखीच्या लोकांच्या नजरेत मी वाचणारी बाई उरले नाही, पेशंटची बायको झाले. पेशंटच्या बायकोनं काय वाचावं याबद्दल आमच्या प्रतापनगरात लोकांची मतं फार ठाम आहेत. तिनं संयमावर वाचावं, श्वासावर वाचावं, ज्या बाईनं आजारी नवऱ्याची सेवा करता करता स्वतःला शोधलं तिचं आत्मकथन वाचावं. मी स्वतःला शोधत नव्हते हो. मी बहुतेक वेळा चष्मा शोधत होते.

तरी मी ती पुस्तकं उघडली. माणसं उन्हातान्हात घरी येऊन देतात, अगदीच मन मोडता येत नाही. श्वासावरचं पुस्तक लिहिणाऱ्याच्या घरी दोन कामवाल्या असणार, हे मला पहिल्या काही पानांतच कळलं. सकाळी उठल्यावर अर्धा तास काहीही न करता बसा, म्हणतो. आमच्याकडे त्या अर्ध्या तासात नळ येतो, दूधवाला येतो, यांना बाथरूमपर्यंत धरून न्यावं लागतं. आत्मकथन बरं होतं, पण त्या बाईला अख्ख्या पुस्तकात एकदाही नवऱ्याचा राग येत नाही, म्हणून माझा तिच्यावरचा विश्वास उडाला. एका कादंबरीत चावट शेजारीण होती. तिच्याकडून जरा आशा होती, तर लेखकानं तिला सुरुवातीलाच मारून टाकलं. मी पुस्तक मिटलं आणि तुरीची डाळ निवडायला बसले.

ही पुस्तकं येत होती ती आमच्या वाचकमंडळातून. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी आमच्या भागातल्या विहाराच्या मागच्या खोलीत मंडळ भरतं. पंधरा-वीस माणसं, बहुतेक रिटायर झालेली, प्लास्टिकच्या खुर्च्या, एक आवाज करणारा पंखा. ज्याची पाळी असेल त्यानं अलीकडे वाचलेल्या एका पुस्तकाबद्दल बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, शंका काढायच्या, आणि मग कोपऱ्यावरच्या ठेल्यावर तिखट रश्शाचे तर्री-पोहे खाऊन घरी जायचं. पोह्यांसाठी येणारेही काही आहेत, पण तेही बिचारे शेवटपर्यंत बसतात.

मंडळ सुरू केलं माझ्या नवऱ्यानं. मौद्याच्या वीजकेंद्रात त्यांची नोकरी होती. रोज स्टाफच्या बसनं जायचं आणि यायचं. बाकीचे लोक त्या बसमध्ये झोपायचे, पत्ते खेळायचे, हे वाचायचे. यांचं सगळं वाचन त्या बसमधलं. घरी मी आणि पोरगी वाचायचो, ते ऐकायचे आणि वाद घालायचे. रिटायर झाल्यावर बस सुटली, तर माणूस महिनाभर बावरल्यासारखा घरात फिरत होता. मग त्यांनी चार लोक जमवले आणि मंडळ काढलं.

तिथं त्यांनी एक नियम घालून दिला. सुरुवातीला जो तो बोलून झालं की म्हणायचा, हे पुस्तक प्रत्येकानं वाचलंच पाहिजे. भाषा ओघवती आहे, विषय अंतर्मुख करणारा आहे, संग्रही असावं. यांचं डोकं उठायचं. प्रत्येकानं म्हणजे कोणीच नाही, हे त्यांचं म्हणणं. म्हणून नियम असा की बोलून झालं की शिफारस एकालाच करायची. खोलीत बसलेल्या लोकांतून एक माणूस निवडायचा, त्यालाच हे पुस्तक काहून द्यावंसं वाटतं ते सांगायचं, आणि पुस्तक त्याच्या हातात द्यायचं. ज्याला दिलं त्याला नाही म्हणता येत नाही. त्याची पाळी आली की त्यानं त्याच पुस्तकावर बोलायचं. आवडलं नाही तर तसं सांगायचं, पण वाचल्याशिवाय तोंड उघडायचं नाही.

या नियमानं मंडळात बरीच भांडणं झाली. एका गृहस्थांना कोणीतरी कंजूषपणावरची विनोदी कादंबरी दिली, ते दोन महिने आले नाहीत. पण खरं सांगते, मजा यायची. आपल्याला कोण काय देतो याची धाकधूक असायची, कारण त्यातून आपण त्या माणसाला कसे दिसतो ते कळायचं. झटक्यानंतर मी तीन-चारदा एकटीच गेले, आणि दरवेळी माझ्या हातात सेवा आणि संयम पडला. तेव्हा कळलं की मी आता सगळ्यांना एकाच बाजूनं दिसते. मग मी जायचं बंद केलं. तर ते लोक पुस्तकं घेऊन घरी यायला लागले.

यांचं उजवं अंग गेलं होतं, ते फिजिओथेरपीनं हळूहळू पुष्कळ सुधारलं. काठी घेऊन चालतात. बोलणं जड झालं, एखादा शब्द तोंडाशी येऊन अडतो, पण समजतं सगळं. गेलं ते वाचन. अक्षरं ओळखू येतात, शब्द लागतो, पण पुढच्या शब्दावर जाईपर्यंत मागचा निसटून जातो. ओळ काही पकडीत येत नाही. डॉक्टर म्हणाले, सराव ठेवा. रोज सकाळी पेपर हातात घेऊन बसायचे. पान उलटायचे. मी काही विचारायची नाही.

पोरगी मिहानमध्ये एका कंपनीत आहे, सकाळी जाते ती रात्री येते. तिनं फोनवर पुस्तकं ऐकायची सोय करून दिली. एका गृहस्थाचा गोड आवाज, मागे बासरी. यांनी दोन दिवस ऐकलं आणि कानातलं काढून ठेवलं. त्याला थांब म्हणता येत नाही, हे त्यांचं कारण. मध्येच काही पटलं नाही तर भांडायचं कोणाशी?

अशात मार्चमध्ये मंडळ चालवणाऱ्या मॅडमचा फोन आला. मॅडम म्हणजे रिटायर मुख्याध्यापिका, माणूस सोन्यासारखा, पण शाळा डोक्यातून गेलेली नाही. म्हणाल्या, एप्रिलमध्ये सरांची पाळी येते, तर त्यांना आता कशाला त्रास द्यायचा, आपण त्या दिवशी त्यांचा सत्कार करू. शाल, पुष्पगुच्छ, दोघं-तिघं त्यांच्याबद्दल बोलतील. त्यांनी फक्त येऊन बसायचं. मला खरं तर बरंच वाटलं. एक रविवार सुखात जाईल, फोटो निघतील, नातेवाइकांना पाठवता येतील. मी हौसेनं यांना सांगायला गेले.

त्यांनी पेपर खाली ठेवला. म्हणाले, "सत्कार काहून? मी मेलो का?"

मी म्हटलं, असं काय बोलता, लोक प्रेमानं करून राहिले. ते म्हणाले, प्रेमच आहे, मले माहीत आहे. एकदा शाल घेतली की मग कोणी पाळी देत नाही. मंडळात आपण आतापर्यंत कोणाकोणाला शाल दिली ते आठव. मी आठवलं. एक मोतीबिंदूचं ऑपरेशन बिघडलेले, एक ऐकू न येणारे, एक पुण्याला मुलाकडे कायमचे गेलेले. खरंच, शालवाल्यांपैकी नंतर कोणी बोललं नव्हतं. जे येतात त्यांना पुढच्या रांगेत मानाची खुर्ची असते आणि पोह्याची प्लेट आधी येते, बस.

"मी बोलतो," ते म्हणाले. "पुस्तक आहे माझ्याकडे. दुकानवाल्यानं दिलं होतं."

दुकानवाले म्हणजे आमच्या चौकातले औषधाच्या दुकानाचे मालक, मंडळातले. झटका यायच्या आधीच्या बैठकीत त्यांनी यांना एक कादंबरी दिली होती, ती तशीच टीव्हीवर पडून होती. एका गावात दोन बहिणी पिठाची गिरणी चालवतात आणि एकमेकींशी बोलत नाहीत, इतकीच गोष्ट. जाडजूड पुस्तक, बारीक टाइप. नियमाप्रमाणे त्यावरच बोलणं आलं, आणि ते वाचून दाखवणं माझ्या गळ्यात पडलं.

एप्रिलमधलं नागपूर ज्यानं भोगलं त्याला सांगायला नको. दुपारी कूलर लावला की कूलरच्या आवाजापुढे माझा आवाज पोचत नाही, आणि बंद केला की दोघं घामानं निथळतो. मी कूलर लावून ओरडून वाचायची. शेजारच्या सुनेनं एकदा विचारलंच, काकू, तुमचं रोज दुपारी भांडण काहून होते? गिरणीचा पट्टा तुटला, थोरलीनं पीठ सांडलं, धाकटीनं ते पुसलं, असं सगळं मी गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं सांगत होते, आणि माझं मन मात्र भलतीकडे. गॅसवर ठेवलेलं बंद केलं का. फिजिओवाला आज येणार का उद्या. पोरीला स्थळ आलंय त्यांना काय कळवायचं. तोंड वाचत होतं, मी तिथं नव्हते. यांना मात्र प्रत्येक शब्द हवा. थांब म्हणायचे, मागून घे म्हणायचे. काल थोरलीनं दळण कोणाचं परत पाठवलं होतं, म्हणून विचारायचे. मला कुठलं आठवायला?

एक दिवस मी कावले. गळा बसला होता, पाठ भरून आली होती, आणि हे म्हणाले तेच पान पुन्हा वाच. मी पुस्तक आपटलं. म्हटलं, मी थकली आता, मले नाही होत, घ्या ती शाल आणि बसा निवांत. मी आत जाऊन आडवी पडले आणि छताकडे बघत राहिले. वाईट वाटत होतं, पण त्याहून जास्त राग येत होता. बरं झालं मी बोलले, असंही वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कपडे वाळत घालून आले, तर ते खिडकीशी पुस्तक मांडीवर घेऊन बसले होते. डाव्या हाताचं बोट ओळीवर ठेवून, ओठ हलवत. एक शब्द, मग थांबायचं, मग बोट मागे. माझी चाहूल लागली तरी वर बघितलं नाही. कपाळावरून घाम पुस्तकावर पडत होता. मला त्यांची दया आली असं म्हटलं असतं, पण तसं नव्हतं. मला भीती वाटली. हा माणूस त्या रविवारी सगळ्यांसमोर उभा राहणार, शब्द अडकणार, लोक हळहळणार, आणि मग घरी येऊन तो पुस्तकाला पुन्हा हात लावणार नाही. मग बोलायला आमच्यात काय उरेल? औषधं आणि जेवण. मी बादली ठेवली, पुस्तक घेतलं आणि पुढचं पान काढलं.

असं करत करत पुस्तक संपलं. कसं संपलं ते मला विचाराल तर सांगता यायचं नाही.

त्या रविवारी पोरगी आम्हाला गाडीनं सोडून गेली. खोलीत शिरलो तर सगळे उभे राहिले, जय भीम झालं, कोणी यांना धरायला धावलं. यांनी काठीनंच लोकांना बाजूला केलं. टेबलावर एका पिशवीतून शालीची किनार दिसत होती. मॅडमनी आणून ठेवलीच होती, न जाणो लागली तर. मी मागच्या रांगेत भिंतीशी बसले, म्हणजे कोणाला माझं तोंड दिसू नये.

ते बसूनच बोलले. सुरुवात बरी झाली. गाव कसं आहे, गिरणी कशी आहे, दोघी बोलत नाहीत म्हणून गिऱ्हाइकांचे कसे हाल होतात, एवढं नीट सांगितलं, लोक हसले. मग एका वाक्यात शब्द अडला. पंख्याचा तेवढा आवाज. दुकानवाल्यांना राहवलं नाही, त्यांनी शब्द पुरवला. यांनी डावा हात वर करून त्यांना थांबवलं आणि बसून राहिले. मी मॅडमकडे बघितलं, त्या पिशवीकडे बघत होत्या. फार वेळ गेला असेल असं नाही. मग शब्द आला, आणि तो दुकानवाल्यांनी दिलेला नव्हताच, दुसराच होता, जास्त बरोबर होता.

त्यांचं मत त्यांनी स्पष्ट सांगितलं. पुस्तक चांगलं आहे, शेवट फालतू आहे. दोघी बहिणी रडत गळ्यात पडतात, ते लेखकाला घाई झाली म्हणून. इतकी वर्षं न बोललेली माणसं अशी एका दुपारी बोलायला लागत नाहीत. दुकानवाल्यांना तो शेवटच आवडला होता, ते जरा हिरमुसले. मग हे म्हणाले की लोकांना वाटतं ही थोरलीची गोष्ट आहे, कारण ती ओरडते, भांडते. ही धाकटीची गोष्ट आहे. लेखकानं ते कुठं सांगितलं नाही. पण थोरली बाजेवर बसते, ओट्यावर बसते, गिऱ्हाइकांत बसते.

"धाकटी पूर्ण पुस्तकात एकदाही बसत नाही," ते म्हणाले. "पाहा तुम्ही. जेवते तेही उभ्यानंच."

दुकानवाले पुस्तक वाचलेले, ते चमकून बघायला लागले. त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. माझ्याही नाही. ते सगळं माझ्या तोंडून गेलं होतं, ओरडून ओरडून, आणि मला पत्ता नव्हता.

मॅडमनी विचारलं, सर, शिफारस कोणाला? यांनी पुस्तक उचललं, खोलीभर बघितलं, आणि काठीनं माझ्याकडे दाखवलं. म्हणाले, माझ्या बायकोले. तिनं हे वाचावं.

खोलीत एकदम कसंतरी झालं. लोक एकमेकांकडे बघायला लागले. माझे कान तापले. सगळ्यांना ठाऊक होतं की रोज दुपारी कोण वाचून दाखवत होतं, यांना तेवढंच आठवत नाही, असा सगळ्यांचा समज झाला. माझाही झाला. मॅडम फार मायेनं, लहान मुलाशी बोलावं तशा म्हणाल्या, अहो सर, त्यांनीच तर तुम्हाला वाचून दाखवलं ना.

"तिनं मले वाचून दाखवलं," ते म्हणाले. एवढं बोलून त्यांना थांबावं लागलं. "तिनं नाही वाचलं. तिले वेळ कुठं भेटला?"

आधी मला भयंकर राग आला. चार लोकांत माझी बिनपाण्यानं केली. घसा फुटेस्तोवर वाचलं त्याचं हे फळ? मग राग तिथंच बसल्या बसल्या उतरला, कारण खरं होतं ते. मी कूलर लावते, गोळ्या देते, फोन घेते, वाचून दाखवते, आणि त्यात मी कुठंच नसते, हे त्यांना समोर बसून दिसत होतं. मला रडू आलं. वर्षभर जे लोक मला संयमाची पुस्तकं देत होते, त्यांच्यासमोर मी पदरानं तोंड पुसत पुढे गेले आणि पुस्तक घेतलं. मॅडमनी शालीची पिशवी खाली पायाशी ठेवली आणि पुढच्या महिन्यात कोणाची पाळी ते विचारायला लागल्या.

ठेल्यावर यांनी तर्री जास्त घेतली, डॉक्टरांनी मना केलेली. दुकानवाल्यांशी शेवटावरून वाद घातला.

घरी आल्यावर ते आतल्या खोलीत पडले. मी बाहेर दिवाणावर पाय वर घेऊन बसले आणि पहिलं पान काढलं. ओळखीची वाक्यं होती, पण ओळखीची माणसं नव्हती. थोरली एवढी गमतीशीर आहे हे मला माहीतच नव्हतं. एका ठिकाणी मी एकटीच हसले.

आतून हाक आली. "वाचून राहिली का वं?"

मी हो म्हटलं.

"मग आवाज काहून नाही येऊन राहिला?"

"माझं माझं वाचून राहिली," मी म्हटलं.

बरं म्हणाले. चहाची वेळ आली आणि टळून गेली. त्यांना चार वाजता चहा लागतो, नाही मिळाला तर डोकं दुखतं, हे मला माहीत होतं आणि ते जागे आहेत हेही माहीत होतं. त्यांनी हाक मारली नाही. मी वाचत राहिले.